घोडेगावची बाई

भिंगार,
फेब्रुवारी १९७३

प्रिय हन्नाअक्का,

सलाम. तुझं पत्र पोचलं. दाजींची पाठ बरी आहे, कोल्हारला नदीत पाणी उरलं नाही आणि मी तोंड बंद ठेवावं, एवढं त्यात आहे. राहीबाईचं नाव कुठेही नाही. मी दोनदा वाचून पाहिलं. शेवटी तू लिहिलंस, “तुला दवाखान्यात मी चिकटवलं, हे विसरू नकोस.” विसरलो नाही. आठवी नापास मुलाला केसपेपरच्या खिडकीत दुसऱ्या कुणी बसवलं नसतं. पण हे उपकार तू आत्ताच बाहेर काढलेस, याचा मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. तेव्हा आज माझ्याकडून गोड शब्दाची वाट पाहू नकोस.

तू रजेवर गेल्यापासून इथे राहीबाई कशाने गेली असं विचारलं की सगळे एकच सांगतात. तिला पेनिसिलीन सोसत नव्हतं आणि तिने ते लपवलं. डॉक्टरसाहेबांनी तिच्या नवऱ्याला, सहादेवला, हेच सांगून वाटेला लावलं. वर दारात पाटी लावली, ‘रुग्णांनी आपली प्रकृती न लपवता सांगावी.’ ती मलाच रंगवायला दिली, अक्षर चांगलं आहे म्हणून. ऱ्हस्वदीर्घ तपासून रंगवली आणि घरी येऊन न जेवता पडलो.

तिने सांगितलं होतं, अक्का. पोटदुखी आणि तापासाठी भरती झाली तेव्हा माझ्या खिडकीत सांगितलं आणि नंतर वॉर्डात तुझ्यासमोर सांगितलं, “मागं ती सुई दिली तवा तोंड सुजलं, जीव गुदमरला. मला ती नगं.” तू म्हणालीस, “आहे माझ्या लक्षात, किती वेळा सांगशील?” तुझ्या वॉर्डात सगळं तुझ्या लक्षातच असतं. बायकांना नावाने हाक मारायची नाही, गावाने मारायची, ही तुझीच पद्धत. सोनईवाली, कोल्हारवाली, घोडेगावची बाई. राहीबाया ढीगभर येतात, गाव डोक्यात राहतं, असं तू प्रत्येक नव्या नर्सला शिकवायचीस. मग पायाला गळू झालेली साळूबाई आली, तीही घोडेगावची. मी वॉर्डात येऊन तुला म्हणालो की आता दोघी झाल्या, नावाने हाक मारू या. तू सगळ्यांसमोर विचारलंस, “का रे, घोडेगावच्या गुरांच्या बाजारातल्यासारखी शिंगं रंगवून देऊ का तुला ओळखायला?” वॉर्ड हसला. राहीबाईसुद्धा हसली.

तुला वाटत असेल की पुढचं मला ठाऊक नाही. दयाने मला सगळं सांगितलं, रडत सांगितलं. साळूबाईला ते औषध सोसतं का याची टेस्ट आदल्या दिवशी झाली होती आणि तिचं पेनिसिलीन सुरू होतं. सकाळी तू टेबलावरूनच ओरडलीस, “दया, घोडेगावच्या बाईला पेनिसिलीन दे, टेस्ट झालीय.” ती शिकाऊ पोरगी सुई भरून दोन खाटांच्या मध्ये उभी राहिली. राहीबाई अलीकडच्या खाटेवर होती. गावाचं नाव ऐकून ती आपणहून कुशीवर वळली आणि मग मान फिरवून तिने विचारलं, “बाई, ही ती सुई न्हाई ना?” दयाने वळून तुझ्याकडे पाहिलं. तू तेव्हा बेडपॅनवरून वॉर्डबॉयला फाडून खात होतीस. त्याआधीच्या महिन्यात दयाने तुला एकदा असंच परत विचारलं होतं, तेव्हा “कान घरी ठेवून आलीस का?” म्हणत तू तिला दुपारभर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलंस. पेशंटांचे नातेवाईक येता-जाता बघत होते. या वेळी ती तुझ्याकडे आली नाही. ती राहीबाईला एवढंच म्हणाली, “सिस्टरनी सांगितलंय.” त्यावर त्या बाईने मान परत वळवली आणि सुई टोचून घेतली.

दयाला मी माफ केलेलं नाही आणि तिनेही मागितलेलं नाही. पण एका माणसाच्या जिवापेक्षा तुझा आवाज तिला भारी वाटला. तो आवाज तू हौसेने कमावलास. लहानपणी पाटीवर माझी एक वेलांटी चुकली की तू अख्खी पाटी पुसायला लावायचीस. मला त्याचा अभिमान वाटायचा. घरात ते चाललं. वॉर्डात त्याच धाकाने माणसं चुका लपवायला शिकली. वॉर्डबॉय थर्मामीटर फुटला तर काचा खिशात घालून घरी नेतो, हे तुला माहीत नसेल, बाकी सगळ्यांना माहीत आहे.

तुझ्या जागेवर आलेल्या सिस्टर गप्प बसणाऱ्या आहेत. पण दया आता सुई देण्याआधी प्रत्येक बाईला तिचं नाव आणि नवऱ्याचं नाव विचारते, त्याशिवाय हात लावत नाही. नवऱ्याचं नाव कोणी घेत नाही, मग शेजारची खाट ओरडून सांगते आणि सगळ्या हसतात. वेळ लागतो. डॉक्टरसाहेब चिडतात. ती उभी राहते आणि पुन्हा विचारते.

आता या पत्राचं कारण. काल सहादेव राहीबाईच्या मृत्यूचा दाखला न्यायला माझ्या खिडकीत आला होता. दुष्काळी कामावरून तसाच आलेला, अंगावर खडीची धूळ. दाखला हातात घेऊनही हलेना. म्हणाला, “आमची म्हातारी रोज तिला शिव्या घालती. मेली लपवून बसली, तान्ही पोर उघड्यावर टाकून गेली, म्हनती. भाऊ, खरं सांगा, राहीनं सांगितलं न्हवतं का?” मी सांगितलं. सगळं सांगितलं. दयाला बोलावलं, तीही त्याच्यासमोर बोलली. तो पायरीवर बसला. मग त्याने तुझं नाव विचारलं आणि गाव विचारलं. मी दोन्ही दिलं. माझी नोकरी जाईल ती जाऊ दे. येत्या रविवारी कामावर खाडा करून तो म्हातारीला घेऊन कोल्हारला तुझ्याकडे येतो आहे. त्याला पैसे नकोत, भांडायचंही नाही. राहीने सांगितलं होतं, हे त्याच्या आईने तुझ्या तोंडून ऐकावं, एवढंच त्याला हवं आहे. आजारी आहे म्हणून आत पडून राहू नकोस, दाजींना पुढे करू नकोस. म्हातारीला कमी ऐकू येतं. मोठ्याने सांग.

तुझाच भाऊ,
गिदोन