रुजवातीला दुसरं माणूस लागतं

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

एक अख्खी ओळ गाळली! मी! एकतीस वर्षं कोर्टाच्या नक्कल विभागात काढलेल्या बाईने!

ठाण्याहून प्रकाशकांकडच्या रुचिकाचा फोन — "मॅडम, पान चाळीसवर काहीतरी सुटलंय का?" सुटलंय कसलं, डोळा घसरला. एका 'स्थानबद्ध'वरून उडी मारली ती थेट खालच्या ओळीतल्या 'स्थानबद्ध'वर. मधलं सगळं गायब. नवशिक्याला मी यासाठी दिवसभर बोलले असते.

मुलगी गोड आहे. "रुजवात कोणी घेतली होती, मॅडम?" म्हटलं, मीच. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचं — याला रुजवात म्हणतात. एकटीने घेतली, तर ते नुसतं वाचन.

६ नोव्हेंबर

पुस्तक कायद्याच्या मुलांसाठी आहे. सुप्रीम कोर्टाचे सुरुवातीचे निकाल, मराठीत. अनुवाद दुसऱ्यांचा, टायपिंग माझं. सध्या मी १९५० च्या मे महिन्यात राहते. जेमतेम चार महिन्यांचं कोर्ट, स्वतःची इमारतसुद्धा नाही, संसदेच्या इमारतीत बसतंय. आणि समोर कोण, तर खटला न चालवता तुरुंगात ठेवलेला एक माणूस. गोपालन. सहा न्यायमूर्ती, सहा वेगवेगळी निकालपत्रं! माणूस आतच राहिला. पण एका कलमावर सहाही जणांचं एकमत. कलम चौदा. आपल्याला का धरलंय ती कारणं त्या माणसाने कोणाला सांगायची नाहीत — कोर्टालाही नाही! सांगितली तर तोच गुन्हा. ते कलम सहाही जणांनी उडवून लावलं.

बरं वाटलं. मोठ्याने वाचून काढलं. ऐकायला कपाट आणि भिंत.

९ नोव्हेंबर, रविवार

कोणी आलं नाही. बेल एकदा वाजली, ती समोरच्यांची निघाली.

११ नोव्हेंबर

अतियाचं नाव इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दीड वर्ष पाळलं. आज लिहिते.

सव्वीस वर्षं एका टेबलाशी बसलो. मी टाइप करायची, मग ती मूळ वाचायची. स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने! "सदर इसमाने, स्वल्पविराम, दिनांक अमुक रोजी..." मध्येच थांबायची — "अगो सुचेता, तुझं बोट पुढं पळतंय. माझ्याबरोबर चाल." रिटायर झाल्यावरही दर गुरुवारी निजामपुऱ्याहून रिक्षाने यायची, डब्यात सांदणं घेऊन. नवरा गेल्यावर तर जास्तच. मी लग्न केलं नाही, तिचं माणूस गेलं. दोघी मिळून आमचा एक संसार व्हायचा गुरुवारी.

आता येत नाही. मी बोलावत नाही. कारण मला ठाऊक आहे. ते लिहिणार नाही. माझं कलम चौदा!

१५ नोव्हेंबर

मागच्या गल्लीतले कापडाचे लूम भंगारात गेले. जन्मभर त्या खटखटीच्या नावाने बोटं मोडली, आता शांततेत स्वतःचं चघळणं ऐकू येतं. जेवताना रेडिओ लावते. आज निवेदिकेला उत्तर दिलं. मग लाज वाटली आणि ताट घेऊन खिडकीत बसले.

२० नोव्हेंबर

आता १९५१. पुन्हा स्थानबद्धता, या वेळी खटला मुंबई राज्याचा. कारणं सांगितलीत, ठीक. पण ती मोघम असतील, तर माणूस बाजू काय मांडणार? आणि एकदा दिलेल्या कारणांचा तपशील मागाहून देता येईल, पण नवं कारण मागाहून जोडता येणार नाही. किती साधं! आणि हे कोर्टाला सांगावं लागतं.

दुपारभर पुढे सरकलेच नाही. लिहूनच टाकते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या कामतघरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला. समितीतल्याच राघोचा. मीच अतियाला सांगितलं. तिचे गुडघे गेलेले, घरी दोन जिने, आमच्याकडे लिफ्ट. कसली खूश झाली! "सकाळचा चहा तुझ्याकडं, संध्याकाळचा माझ्याकडं. मधी भांडू." सोसायटीच्या ना-हरकत पत्रासाठी अर्ज दिला. समितीची बैठक झाली. आमच्या इमारतीत एकही मुसलमान कुटुंब नाही. नकार गेला. एका ओळीचं पत्र — 'आपला अर्ज मान्य करता येत नाही.' कारण काही नाही. सही अध्यक्ष अण्णांची. टाइप केलं मी. मी मानद सचिव.

वाटलं, टाइप कोणी केलं ते तिला काय कळतंय. पण डाव्या बाजूला फायलीच्या शिवणीसाठी चार बोटं जागा सोडली होती मी! एका ओळीच्या पत्राला! कोर्टाची सवय. सव्वीस वर्षं माझा कागद वाचलेली बाई. लिफाफ्यातून अर्धा बाहेर आला तेव्हाच ओळखला असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे खरंच पडलं होतं.

तिने फोन केला नाही. मीही नाही. झालं दीड वर्ष.

२१ नोव्हेंबर

लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२८ नोव्हेंबर

धामणकर नाक्यावर अफीफा भेटली. अतियाची मुलगी, शाळेत शिकवते. मी दुसऱ्या फुटपाथला जाणार होते, तिनेच हाक मारली. "मावशी! येत का नाही तुम्ही?" म्हटलं, अम्मी कशी आहे? "चांगली आहे. मोठ्याने पेपर वाचते हल्ली, एकटीच. स्वल्पविरामासकट! आम्ही हसतो."

मला हसू आलं नाही. विचारलं, माझ्याबद्दल काही बोलते? "एकदा विचारलं मी, काय झालं तुमचं. तर म्हणाली, 'मला काय विचारतेस? कारण सुचेताकडं हाय. ती देल तवा देल.'"

कोबी विसरले. परत गेले, तर ठेला उठलेला.

२ डिसेंबर

लिफ्टमध्ये अण्णा. मी म्हटलं, त्या जुन्या अर्जाची कारणं मी अतियाला लेखी कळवणार आहे. ते बटणाकडे बघत म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, सुचेताताई. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

माझं भलं! याच माझ्या भल्यापायी दीड वर्ष गुरुवार नुसता येतो आणि जातो.

५ डिसेंबर

सात खर्डे केले. शेवटी हाताने लिहिलं, टाइप नको. 'प्रिय अतिया, समितीत तुझ्या अर्जाला विरोध झाला. कारण तू जाणतेस, मला लिहायला लाज वाटते. मी तो थांबवू शकले नाही. पत्र टाइप मी केलं. मला माफ कर. मला तुझ्याशिवाय करमत नाही.' शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, दोनदा लिहिलं. शाळा सुटायच्या वेळी जाऊन अफीफाच्या हातात दिलं.

९ डिसेंबर

घर झाडलं. जुन्या कागदांनी अडलेली खुर्ची मोकळी केली. पान चाळीस आणि मूळ निकाल समोरासमोर ठेवून दिलेत. रुचिकाला सांगितलं, आठवड्याभरात नीट रुजवात घेऊन देते. "कोणी मिळालं का, मॅडम?" हो म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं, एवढी घाई कशाला केली.

११ डिसेंबर, गुरुवार

काही नाही.

१३ डिसेंबर

काही नाही. मूर्खासारखी लिफ्टचा आवाज ऐकत बसते.

१६ डिसेंबर

आलं! लिफाफा. अक्षर तिचं. उभ्या उभ्याच फोडला.

आत माझंच पत्र. लाल पेन्सिल फिरलेली. एक राहिलेला स्वल्पविराम भरलाय. 'विरोध झाला' खाली रेघ, आणि समासात — 'कोणी केला? मोघम.' 'थांबवू शकले नाही' खाली दोन रेघा. शेवटच्या वाक्याला हात लावलेला नाही. आणि खाली तिच्या त्या गोल अक्षरात, कोर्टात सव्वीस वर्षं लिहायची तसं — 'रुजवात घेतली. मुळाशी जुळत नाही. अतिया.'

राघो होता त्या बैठकीत. फ्लॅट त्याचा, व्यवहार त्याचा मोडला. तो कशाला गप्प बसतो? त्याच दिवशी सांगितलं असणार तिला. म्हणजे सगळं ठाऊक असून ती दीड वर्ष नुसती वाट बघत होती. आणि मी मोकळ्या खुर्च्या मांडत होते.

१७ डिसेंबर

रिक्षा सांगितली आहे, निजामपुऱ्यापर्यंत. जायच्या आधी खरं एकदा इथे लिहिते, म्हणजे तिथे जीभ वळणार नाही.

विरोध कोणी केलाच नव्हता. अण्णा म्हणाले होते, "तुमची मैत्रीण ना? मग प्रश्नच नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, मनातून नाही म्हणत असतील, उद्या मला बोल लावतील. म्हणून मीच म्हणाले — "आज एक आली की उद्या चार येतील. नकोच ते."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. तिच्याविरुद्ध कोणीच काही म्हणणार नव्हतं.