कदमांच्या देवघरातली सारंगी

मी, मारुतीराव बळवंतराव कदम, पूर्वीच्या होळकर रिसाल्यातील जमादार, राहणार स्नेहलतागंज, इंदूर, आज हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे, दडपण कुणाचे नाही. राग मात्र पुष्कळ आहे. डॉक्टर शरदचंद्र म्हणतात, राग तुमच्या काळजाला सोसणार नाही. म्हणून तो कागदावर उतरवतो. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी धाकटा भाऊ जयसिंगराव याच्याबद्दल चांगले लिहिले होते.

कलम १. आम्हांस मूलबाळ नाही. त्यामुळे माझ्यामागे सर्व काही आपलेच, असे जयसिंगराव धरून चालला आहे. त्याने थोडे थांबावे.

कलम २. वाटणीत माझ्या नावे झालेला घराचा पुढचा भाग, भांडीकुंडी आणि बँकेतील शिल्लक माझी पत्नी सौ. प्रेमलता हिला हयातभर. तिला कुणी मागच्या खोलीत सरकवू नये. तिच्या जाऊबाईंना हवेशीर ओसरीची फार हौस आहे, ती त्यांनी माहेरी भागवावी.

कलम ३. वडिलांची तलवार जयसिंगरावास. कुळाच्या शौर्यावर तो तासन् तास बोलतो. स्वतः सायर म्हणजे जकात खात्यात कारकून होता आणि खंडेनवमीला देवीपुढे बोकड पडतो तेव्हा डोळे मिटून घेतो. तलवारीला गंज चढू देऊ नये, एवढे तरी त्याला जमावे.

कलम ४. आता सारंगी.

राज्य विलीन झाले, रिसाला मोडला, घोडाही गेला. पन्नाशी उलटलेला माणूस रिकाम्या हातांनी ओसरीवर बसून करणार काय? स्टेशनाकडे जाताना शब्बीर मियाँची सारंगी कानी पडायची. एके दिवशी आत शिरलो आणि शिकवा म्हणालो. ते हसले नाहीत. पहिले वर्षभर मात्र माझ्या हातून जे निघाले त्याला आवाज म्हणणेही धाडसाचे. माझ्या हातातल्या गजाकडे, तारांवर फिरवायच्या कमानीकडे, बोट दाखवून मियाँ म्हणायचे, "जमादारसाहब, ये लगाम नहीं है. गज को खींचो मत, चलने दो." तार बोटाच्या पेराने नव्हे, नखाच्या मुळाने दाबायची असते. नखांतून रक्त यायचे. प्रेमलता हळद लावायची आणि मी पुन्हा बसायचो. शेजारचे अच्युतराव खिडकी लावून घेत, पण त्यांनी बोलणे सोडले नाही, म्हणून ते या कागदावर साक्षीदार आहेत.

जयसिंगराव म्हणाला, "दादासाहेब, ये क्या लगा रख्खा है? कोठ्यावरचं वाद्य कदमांच्या घरात? लोग क्या बोलेंगे?" लोक काय बोलायचे ते बोलले. सर्वांत मोठ्याने तोच बोलला.

१९५१ च्या खंडेनवमीला मी सारंगी देवघरातल्या चौरंगावर तलवारीशेजारी ठेवली. ज्या हत्यारावर माणसाचा हात चालतो ते त्या दिवशी पुजायचे, हा आमचा रिवाज. तलवारीवर कुणाचा हात चालत होता? जयसिंगरावाने पाहुण्यांदेखत सारंगी उचलली. म्हणाला, "हिच्यावर बोकडाचं कातडं आहे. देवाजवळ चामडं चालत नाही." आणि ती न्हाणीघरात पेटत्या बंबाला टेकवून आला. पंगतीत मग त्याच देवीच्या बोकडाचा रस्सा तीनदा मागून घेतला. बोकड चालतो, त्याचे कातडे चालत नाही, हे शास्त्र मला अजून कळलेले नाही.

बंबाच्या धगीने कातडे मधोमध फाटले. त्या दिवशी मी जेवलो नाही. मला रडू आले, हे लिहायला लाज वाटत नाही.

पुढे मियाँनी नवे कातडे चढवून दिले आणि आवाज पहिल्याहून गोड झाला. मागच्या महिन्यात ते सहज म्हणाले, "चमडा तो भाभीजी ने भेजा था." तेव्हा कळले. देवीच्या बोकडाचे कातडे दरवर्षी खाटीक नेतो. त्या वर्षी प्रेमलताने ते त्याच्याकडून मागून घेतले आणि जनाबाई मोलकरणीबरोबर मियाँकडे धाडले. मी विचारले तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "देवीचंच आहे ते. आता कोण बाहेर काढतो, बघू." इतकी वर्षे मला वाटत होते, तिला माझे वाजवणे नुसते सोसावे लागते.

जयसिंगराव चारचौघांत म्हणाला आहे, "दादांच्या मागे ती आधी बंबात घालीन." म्हणून लिहितो: सारंगी प्रेमलताची. मियाँ तिला शिकवायला राजी आहेत. वयाचे निमित्त तिने सांगू नये, मी सांगितले नव्हते.

कलम ५. प्रेमलताच्या पश्चात घर जयसिंगरावास मिळेल, पण एका अटीवर. ती हयात असेतो दर खंडेनवमीला त्याने स्वतः सारंगी चौरंगावर तलवारीच्या उजवीकडे ठेवावी, हळदकुंकू वाहावे आणि पाहुण्यांदेखत वाकून नमस्कार करावा. एक वर्ष जरी चुकला, किंवा सारंगीला धग लागली, तर घर पूर्णपणे प्रेमलताच्या मालकीचे होईल. तिने ते हवे त्याला विकावे. शब्बीर मियाँ घेत असतील तर उत्तम.

कलम ६. तो वाकलेला असताना प्रेमलताने एकदा गज ओढावा. सूर लागला नाही तरी चालेल. न लागला तर जास्त बरे.

इंदूर, मध्य भारत
३ सप्टेंबर १९५४

(सही) मारुतीराव बळवंतराव कदम

वरील सही आमच्यासमक्ष झाली. लिहिणार शुद्धीवर आहेत.
साक्षीदार: १. (सही) डॉ. शरदचंद्र गोरे. नाडी जलद, बाकी ठीक.
२. (सही) अच्युत विनायक पटवर्धन, शेजारी. खिडकी हल्ली उघडी असते.