पहिल्या पानावरची हाक

१२ जून १९६२
सुन्न बसलोय! ती पोरगी एक शब्द चार वेळा बोलली आणि मला चारही वेळा तोच ऐकू आला. म्हणते, "चार वेगळे आहेत, मास्टरजी. आई, दगड, काल, आणि चावणं." चाळीस वर्षं मुलांचे उच्चार सुधारले मी. आज कळलं, कान अर्धेच होते.

पोरगी म्हणजे लियामी. आसामच्या पलीकडच्या डोंगरांतली, इथं बंगळुरात नर्सिंग शिकते. सूनबाई शालन त्याच इस्पितळात कारकून, तिनंच घरी आणली. लियामीच्या बोलीला लिपी नाही. एका साहेबानं इंग्रजी अक्षरांत प्रार्थना लिहिल्या होत्या, पण सूर वर की खाली हे धरलंच नाही. चर्चमध्ये कुणी वाचायला उभं राहिलं की लोक हसतात म्हणे. तिला मुलांसाठी पहिलं पुस्तक हवंय. हिंदी तिचं मोडकं, माझं त्याहून मोडकं.

शालन म्हणाली, "अण्णा, करा की. एरवी दिवसभर भिंतींना कविता शिकवताच ना?"

१९ जून
लघु-गुरूच्या खुणा लावल्या. वृत्तं तोंडपाठ असलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! लियामीनं वाचलं आणि हसत खाली बसली. "लांब-आखूड नाही. वर-खाली!" हातानं जिना चढून दाखवला.

शिवाय एक 'म' आहे — नाकानं दिवा विझवल्यासारखा. तासभर फूं फूं करत होतो. शालननं आतून विचारलं, "सर्दी झाली का?"

२ जुलै
सापडलं!!

शालन मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. पाहतो तर काय — आपले शब्दही असेच! वरच्या रेघेला लटकलेले, दोरीवर धुणं लटकतं तसे. मग रेघ म्हणजेच दोरी. सूर उंच, तर दोरीच्या वर आडवी काडी. खालचा, तर अक्षराच्या पायाशी. चढता असेल तर काडी वर तिरकी, उतरता असेल तर खाली तिरकी. झालं! दिवा विझवणाऱ्या 'म'ला खाली टिंब.

मोठ्यानं वाचत सुटलो. लिहिलेलं मोठ्यानं वाचून पाहिल्याशिवाय ते लिहिलं असं मला वाटतच नाही. शालन म्हणते, "अण्णा, रोजनिशी तरी मनात वाचा. आठव्या क्रॉस रोडपर्यंत आपलं घरचं कळतंय."

१५ ऑगस्ट
परीक्षा! काल लियामीनं सांगितलेलं मी खुणांसकट उतरवलं. आज तिला दाराआड उभी केली आणि वाचलं. काय वाचतोय ते मला स्वतःला ठाऊक नव्हतं. ती बाहेर आली ती डोळे पुसतच. "अगदी आमच्यासारखं बोललात! म्हणजे… आमच्यातल्या आजारी म्हाताऱ्यासारखं."

एवढं बक्षीस मला जन्मात मिळालं नव्हतं. तीनशे वर्षं आमचं घराणं या कानडी मुलखात. पुण्याचे पाहुणे आले की आमच्या मराठीतले 'स्वल्प' नि 'सरी' असले कानडी शब्द ऐकून गालात हसतात. हसू कुठं टोचतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

२ सप्टेंबर
आज तिनं जे सांगितलं त्यानं थक्क झालो. तिच्या गावात मूल जन्मलं की आई त्याच्यासाठी एक सूर रचते. शब्द नाहीत, नुसता सूर. तीच त्याची हाक. रानात, शेतात नावानं बोलवत नाहीत, सुरानं बोलवतात. प्रत्येकाचा वेगळा, दोघांचा कधी सारखा नाही. म्हणजे तिथली प्रत्येक अडाणी बाई कवी!

धाकट्या भावाची हाक तिनं गुणगुणून दाखवली. एकोणीस वर्षांचा आहे, सैन्याची ओझी डोंगरावर चढवतो. हाक सात वळणांची. सुरू होते खाली, पाखरू बसता बसता उडावं तशी वर जाते, आणि शेवटी मध्येच थांबते. "पुढचं त्यानं यायचं," ती म्हणाली.

मी तिथंच खुणांत उतरवली.

३० सप्टेंबर
जयतीर्थाकडे गेलो. चिकपेठेतल्या छापखान्यात अजून खिळे जुळवतो तो, मूळचा धारवाडकडचा. कागद पाहून म्हणाला, "काय हो मास्तर, ही अक्षरं आहेत की काटेकुटे?" पण पितळी पट्टीचे बारीक तुकडे कापून काड्या त्यानंच केल्या. फुरसतीत दोनशे प्रती काढून देतो म्हणाला.

माझ्या मनात एक आहे. पहिलं पान कवितेचंच हवं! साठ मुलं एका सुरात कविता म्हणतात, तेव्हा वर्गाचं छप्पर वर उचलल्यासारखं वाटतं — अजून कानांत आहे ते. त्यांच्याकडे छापील कविता नाही, पण ती हाक आहे. पहिल्या पानावर तीच घालतो. लियामीला सांगणार नाही. चकित होऊ दे.

२८ ऑक्टोबर
दिवाळी. रेडिओवर सगळ्या लढाईच्या बातम्या. तिच्या मुलखाच्या वरच्या अंगालाच चिनी उतरलेत.

लियामीला फराळाला बोलावलं आणि पहिली प्रत हातात दिली. तिनं पान उघडलं. ओठ हलले. मग एकदम तोंडावर हात! "हाक कुणी छापतं का, मास्टरजी!" रागावली वाटलं. पण मग गायली ती. तीनदा गायली, ओसरीवर, उत्तरेकडे तोंड करून. शालन चकल्या तळायची थांबली.

२६ नोव्हेंबर


दुपारी लियामी आली. पायांत चप्पल नाही. तार आली. भाऊ गेला — ओझ्यासकट कड्यावरून कोसळला. बारा दिवस झाले.

शालननं तिला जवळ घेतलं. ती रडेना. मलाच म्हणाली, "ते पान काढा. सगळ्या पुस्तकांतून."

मला कळेना. मी म्हटलं, अगं, आता तर ते राहायलाच हवं. त्याची आठवण…

"नाही!" एवढ्या मोठ्यानं ती कधी बोलली नव्हती. मग सांगितलं. माणूस गेलं की त्याची हाक कुणी काढायची नाही. आईनंसुद्धा नाही. गेलेला चालत असतो, लांबची वाट. हाक ऐकली की मागं वळतो. पुनःपुन्हा वळत राहिला तर पोचतच नाही.

मग तिनं विचारलं, "आपण गायलात का? या बारा दिवसांत?"

रोज! रोज सकाळी न्हाताना मी तीच गुणगुणत होतो. आज सकाळीसुद्धा. खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो.

ती पायरीवर बसली. "थकला असेल," एवढंच म्हणाली.

२७ नोव्हेंबर
मी असल्या गोष्टी मानत नाही. पण सकाळी पाठीवर पाण्याचा तांब्या घेतला आणि तोंडातून आवाज फुटेना.

बायकोला, कस्तुराबाईला जाऊन अकरा वर्षं झाली. स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणायची ती. सुरुवात जमिनीवर, शेवट माळ्यावर. तो सूर मी तरी तोंडानं कधी काढला? शालनपुढं तिच्या गोष्टी सांगतो, नकला करतो, पण ते 'अहो' कधी नाही. का, ते कधी विचारलं नव्हतं स्वतःला.

२८ नोव्हेंबर
जयतीर्थानं छापखान्यातल्या प्रतींची पानं पातीनं कापून काढली, माझ्या हाती दिली. लियामीची प्रत तिनं स्वतः आणली. जुळवलेलं पान त्यानं माझ्यासमोर सोडलं, खिळे एकेक करून खणांत टाकले. पितळी काड्या तेवढ्या मुठीत धरून उभा होता. "या कुठं ठेवू?"

दोनशे पानं न्हाणीघरातल्या बंबात घातली. मी सप्टेंबरात लिहिलेला कागदही. लियामी शेवटचं पान जळेपर्यंत उभी होती.

९ डिसेंबर
पुस्तक आता दुसऱ्या पानापासून सुरू होतं.

१५ डिसेंबर
विसरायचा प्रयत्न करतो. जमत नाही! जन्मभर पाठांतर केलेलं हे डोकं, एकदा आत गेलं की गेलं. ते सात वळणांचं पाखरू घशाशी येतं. मग घाईनं दुसरी कविता सुरू करतो, मोठ्यानं. शालन आज हळूच येऊन माझ्यासोबत म्हणू लागली.

१७ जानेवारी १९६३
लियामीच्या आईचं पत्र आलं. तिनं सांगितलं, तिकडच्या शाळामास्तरानं लिहिलं. लियामीनं वाचून दाखवलं आणि तिचाच चेहरा पांढरा पडला.

"ऐकलं, तुमच्याकडे कुणी त्याची हाक कागदावर ठेवली होती. जाळली असेल तर बरोबर केलं. नसेल तर मला पाठव. मला वाचता येत नाही. मी गाणार नाही. कुणाला गाऊ देणार नाही. नुसता कागद उशाशी ठेवीन."

"सगळं जळलं ना, मास्टरजी?" लियामीनं विचारलं.

मी कोरा कागद घेतला. ओठ घट्ट मिटले. सातही वळणं उतरवली, काडी न् काडी.

लिहून झालं की मोठ्यानं वाचून पाहायचं, ही माझी जन्माची सवय. आज नुसती घडी घातली आणि कागद तिच्या हातात दिला.