रोज हरणारे लालासाहेब

सातारा,
ता. ११ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. येथे थंडी पडू लागली आहे. माझी प्रकृती ठीक, जेवण वेळेवर होते. सांगलीला कायमचे या, असे तू लिहिलेस. मीही तसे ठरवत आणले होते. कारण लालासाहेब.

सुभेदार लालासाहेब तुला आठवतील, ओढ्यापलीकडचे, पेन्शनीत आलेले. तुझ्या आईचे दिवस झाल्यावर ते आले आणि म्हणाले, "चला पंत, गोल्फ खेळू." या वयात! कॅम्पाजवळच्या माळावर साहेब लोक खेळत, तेथे हल्ली गुरेच जास्त. एका साहेबाने जाताना दिलेल्या काठ्या त्यांच्यापाशी आहेत. काठीने चेंडू मारत दूरच्या भोकात घालायचा. कमी फटक्यांत घालील तो जिंकला. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला घरी नेऊन न्याहारी द्यायची, हा नियम त्यांचाच. पहिल्या दिवशी माझा फटका चेंडूला लागलाच नाही, टोपी मात्र उडाली. चरणाऱ्या म्हशीनेही मान वर करून पाहिले. तरी मी जिंकलो.

तेव्हापासून रोज मीच जिंकतो. येथेच मला संशय आला. माझा चेंडू घाणेरीच्या झुडपात शिरलेला मी डोळ्यांनी पाहतो. "थांबा पंत, मी बघतो," म्हणून ते पुढे जातात, आणि चेंडू मोकळ्या गवतावर सापडतो. लांबून नेमका मारणारा हा माणूस भोकापाशी हातभर अंतरावरून चुकतो. वर हरल्यावर मुलीचे लग्न ठरल्यासारखा खूश! चेंडू बदलत असतील म्हणून मी शाईने खूण केली. चेंडू तोच होता. मग वाटले, हे माझी चेष्टा करतात आणि पेन्शनर मंडळींत सांगून हसतात. त्यांच्याशी बोलणे सोडायचे ठरवले.

काल तेच सांगायला खेळाआधी त्यांच्या घरी गेलो. चुलीपुढे तीन पाट मांडलेले, थालीपिठाचे पीठ मळून तयार.

"वहिनी, खेळ अजून व्हायचा आहे," मी म्हणालो.

बनुबाई हसल्या. "आवं पंत, ह्येंचं काय, रोजचंच हरत्यात न्हवं!"

लालासाहेब एकदम पायताण शोधू लागले. ते त्यांच्या पायांतच होते.

माळावर मी विचारले, "मुद्दाम हरता?"

"सायबासंगं खेळून हरायची सवय लागलीया."

मी काठी हातात घेतली नाही. तेव्हा ते चेंडू पुसत राहिले. मग म्हणाले, "आमच्या परड्यातनं तुमचं घर दिसतंय, पंत. लय दिस झालं, धूर न्हाई दिसला."

मी तुला लिहितो ते वेळेवरचे जेवण म्हणजे त्यांच्याकडची थालीपिठे, आणि रात्री चुरमुरे. तुझ्या सासूबाईंना सांगायचे की नाही, ते तू ठरव.

सांगलीला तूर्त येत नाही. येत्या रविवारी मी हरणार आहे. लालासाहेबांना घाणेरीकडे फिरकू देणार नाही. बनुबाईंनाही बोलावले आहे. तुझ्या आईने पालथी घातलेली कढई अजून तशीच आहे, ती उद्या घासतो. सांज्याला रवा कितपत भाजायचा, ते उलट टपाली कळव. तिला कधी विचारले नव्हते.

तिच्या घरातून,
तुझे नाना