शिंदीचं कुणी विचारलं नाही

४ नोव्हेंबर, दिलसुखनगर
बोधनकडचं गाव सोडून आज लेकाच्या, गौतमच्या, फ्लॅटवर डेरेदाखल झालो. सुनेनं, त्रिवेणीनं, ज्वारीची गरम भाकरी वाढली. उजव्या गुडघ्यानं संप पुकारलाय, तो बदलायचा. मग हा निवृत्त मुख्याध्यापक चारमिनार चढून दाखवील.

संध्याकाळी काठी टेकत निघालो. मागच्या गल्लीत शिंदीचं दुकान दिसलं आणि जीव भांड्यात पडला. तीस वर्षं रोज दोन बाटल्या घेतो, घरात पत्ता नाही. शिंदी झाडाचा रस, ती काही दारू नव्हे. दारूबंदी समितीचा अध्यक्ष होतो मी. गौतम एकदा पिऊन आला, तर महिनाभर उंबरा चढू दिला नव्हता.

११ नोव्हेंबर
भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी प्रश्नपत्रिकाच काढली. साखर? आहे. दम लागतो? थोडा. तंबाखू? नाही. दारू? छाती पुढे काढून नाही म्हणालो. शेजारी उभा गौतम अभिमानानं म्हणाला, बाबांनी कधी थेंबही घेतला नाही. बाई म्हणाल्या, रोजची नशा लपवली तर ऑपरेशननंतर ती एकदम तुटते, डोकं फिरतं, जिवावरही बेतू शकतं.

शिंदीचं त्यांनी विचारलं नाही. दुकानदार तिच्यात झोपेची पावडर घालतात म्हणे. घालत असतील, झोप छान लागते.

१४ नोव्हेंबर
गुडघा बदलला. दुखतंय, पण मजेत आहे. नर्सला पाढे म्हणून दाखवले.

१६ नोव्हेंबर
दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. हात इतके थरथरतात की चहा सांडला. चादर घामानं ओली. नर्स म्हणते, वयामुळे होतं. कारण मला माहीत आहे आणि मला भीती वाटते आहे. पण गौतमला कोणत्या तोंडानं सांगू? उद्या सांगतो.

१७ नोव्हेंबर, दुपार
बँडेजमध्ये मुंग्या शिरल्यात. त्रिवेणीला एकही दिसत नाही. मी बँडेज ओरबाडलं, टाके उसवले, रक्त – आता दोन्ही हात पलंगाला बांधतात. जेवताना एक सोडतात, तेवढ्यात लिहितो.

१८ नोव्हेंबर
सकाळी पडद्याआडून डॉक्टर आले. उंच. चेहरा नीट दिसेना. हातात भूलवाल्या बाईंचा तोच प्रश्नांचा कागद. मी सगळं सांगितलं – शिंदी, तीस वर्षं, पावडर. रडलो. त्यांनी लिहून घेतलं. सुटलो एकदाचा.

पुन्हा १८
त्रिवेणी म्हणते, सकाळपासून कुणी डॉक्टर आलेच नाहीत. पडद्यामागे भिंत आहे.

तिलाच सांगितलं मग. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. मामा, तुम्ही आणि शिंदी? भ्रमात बोलताय. गौतम नर्सला रडत तेच सांगत होता, की माझे बाबा असले नाहीत –

१९ की २०
ताप. छातीत घरघर. तो उंच माणूस आता पायथ्याशी बसतो, कागद फाडतो, एकेक तुकडा – गौतमला ही वही दिली. त्यानं पानं उलटली, परत ठेवली. त्याला मराठी वाचता येत नाही. इंग्रजी शाळेत मीच घातलं.

इंग्रजीत लिहितो. मोठ्या अक्षरात. गौतम, डॉक्टरांना दाखव, हे भ्रमात नाही, मी रोज