गोऱ्याचं भाडं

३ ऑगस्ट ७६, कामरगाव
धाकट्याचं पत्र, विलायतेतून. तीन पानं तब्येतपाणी, चौथ्यावर खरी गोष्ट. जर्मनीत फ्लॅट घेतला होता ना धाकट्या साहेबानं, त्यातला गोरा भाडेकरू जूनमध्येच गेला. जागा रिकामी. "दादा, एस्टी स्टँडजवळचा प्लॉट इकून टाक." निम्मा त्याचा, निम्मा माझा. मुखत्यारपत्र पाकिटातच. इकून टाक म्हणे, जशी वांग्याची पाटी.

५ ऑगस्ट
सातवीले गणित शिकवता शिकवता त्याचंच गणित डोक्यात. पगार पौंडात, फ्लॅटचं कर्ज जर्मन मार्कात. काहून? तर तिथं व्याज कमी. भाडेकरू मार्क देत होता तोवर चाललं. आता हप्ता पगारातून, अन् पौंड रोज घसरून राह्यला. दोन वर्षं फेडलं, तरी पौंडात मोजलं तर घेतलं त्याहून जास्त देणं. दुसऱ्याच्या पायलीनं ज्वारी उसनी आणली, अन् पायली त्याच्या घरी वाढून राह्यली. फ्लॅट विकला तरी फिटत नाही, लिहितो.
एवढा शिकला, हे कळलं नाही? मले विचारलं असतं तर... मले तरी काय कळत होतं. फ्लॅटचे पेढे मीच वाटले.

८ ऑगस्ट, रवि.
प्लॉटचा जुना मालक दारात. "मास्तर, मलेच द्या परत. तुमच्या भावाचं पत्र आलं मले." म्हणजे माझ्याआधी त्याले लिहिलं. आंगाचा तिळपापड झाला.
याच्या बापाशी आमचा बाप रस्त्यावर उभा राहून बोले. ओट्याजवळ जायची सोय नव्हती. त्याच ओट्यासमोरची जागा आमी रोख देऊन घेतली. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या माणसाचं गावात पहिलं घर होणार होतं. पाया आखून ठेवला आहे.

११ ऑगस्ट
पत्र परत वाचलं. पैसे मुंबईत एका माणसाले द्यायचे, त्याचा भाऊ तिकडं पौंड देईन. अरे, दिवस आणीबाणीचे आहेत. सापडलो तर माझी नोकरी अन् वर जेल. आ बैल मुझे मार.

२९ ऑगस्ट, रवि.
मायले सांगितलं. अर्धंच. तूर निवडता निवडता म्हणाली, "इक."
मी भडकलो. बापाचं नाव काढलं.
"तुया बाप जनमभर रस्त्यावर उभा राह्यला. आता गोरा माणूस माह्या पोराच्या घरात राह्यते अन् भाडं देते. प्लॉटापायी ते घर घालवू नको." हेच विहिरीवर सगळ्यायले सांगत असते. मग विचारलं, "टायमावर देते ना गोरा?"
तोंडापर्यंत आलं होतं.
"देते," म्हणालो.
धाकट्याचा एवढा राग कधी आला नव्हता. माझाही.

३० ऑगस्ट
जुना मालक उद्या दहाले कागद आणतो म्हणे. मायनं धुतलेलं लुगडं काढून ठेवलं. म्हणते, "त्याले इथं नको बोलावू. सही त्याच्या ओट्यावर कर. मले तिथं बसाचं आहे."
अजून कोणालेच हो म्हणालो नाही.