पांढऱ्या अंड्यांवर बसलेली कोंबडी

बाबा, आपली कोंबडी त्या पांढऱ्या अंड्यांवर बसली होती ते पंचवीस दिवस मी आजवर कुणाला सांगितलेले नाहीत. आता सांगण्यासारखं कुणी उरलंही नाही. काका गेला, त्याच्यामागून काकी गेली, शिरवण्यातलं आपलं घर पाडून तिथे चार मजले उभे राहिले. तू गेलास त्या वयाहून मी आज वीस वर्षांनी मोठी आहे. म्हणून तुलाच लिहिते.

आई काविळीने गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. मी सातवीत होते. सकाळी भात टाकायचा, कालवण करायचं, झाकून ठेवायचं आणि शाळेत पळायचं, असा माझा दिवस. तू कामाला जायचास ते मिठागर बंद झालं होतं. खाडीकडची जमीन नव्या शहरासाठी गेली, तेव्हा कागदावर तू आधी सही केलीस आणि काकाने केली नाही. त्यावरून दोघा भावांत जे वाजलं ते सगळ्या गावाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तू दोन घरांच्या मधोमध काट्यांचं कुंपण घातलंस. तोवर दोन्हीकडच्या कोंबड्या एकत्रच चरायच्या आणि काकाचा एक तांबडा कोंबडा दोन्ही अंगणांत मालकासारखा हिंडायचा. कुंपण झालं आणि तो पलीकडे राहिला. त्यानंतर तू काहीच केलं नाहीस. ओट्यावर पडून असायचास, भिंतीकडे तोंड करून. मी शाळेतून यायचे तेव्हा सकाळचं ताट तसंच झाकलेलं असायचं. मिठाने फाटलेले तुझे तळपाय हळूहळू भरून यायला लागले होते. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण भीती वाटायची.

आणि एक दिवस आईची कोंबडी खुडूक झाली. आपल्याकडे तेव्हा तीच एक उरली होती, काळी, मानेवर पिवळे ठिपके असलेली. अंडी घालायची थांबली, पिसं फुलवून कोपऱ्यात बसून राहिली, जवळ गेलं की खुडखुड करून चोच मारायला लागली. आई अशा वेळी काय करायची ते मला माहीत होतं. खाली ठेवायला अंडी नसली की ती कोंबडीला बादलीत बुचकळून काढायची आणि दोन दिवस डालग्याखाली झाकायची, म्हणजे तिचं खूळ जायचं. मी बादली भरून आणली. कोंबडीला पंखांना धरून उचललं तेवढ्यात मागून तुझा आवाज आला. "नको बुडवू तिला. बसू दे." किती तरी दिवसांनी तू आपणहून काही बोलला होतास.

तू उठलास, अंगात सदरा घातलास आणि चालत वाशीला गेलास. दुपारी परत आलास तेव्हा टॉवेलात गुंडाळलेली नऊ अंडी होती. पांढरीशुभ्र, मोठी, एकसारखी. गावात कुणाकडे मागायची तर सगळ्यांच्या घरी काकाचं येणंजाणं, म्हणून तू नव्या वसाहतीतल्या दुकानातून आणलीस. मीठ वाहायच्या जुन्या टोपलीत तू भाताचं तूस घातलंस, वर फडकं अंथरलंस, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा ठेवलास आणि अंडी मांडलीस. कोंबडी वाट बघत असल्यासारखी टोपलीत उतरली, चोचीने एकेक अंडं पोटाखाली ओढून घेतलं आणि डोळे मिटले.

बाबा, त्यानंतरचे दिवस मला अजून तारीखवार आठवतात. तू पहाटे उठतोस. कोंबडी दिवसातून एकदा टोपलीतून उतरते तेव्हा तिच्यासमोर कण्या आणि पाणी ठेवतोस, ती परत बसेपर्यंत काठी घेऊन कुत्री हाकतोस. दाढी केलेली आहे. मी भात वेळत असताना तू दारात बसून विचारतोस, तुझी आई किती अंडी ठेवायची, पिल्लांना आधी काय घालायची. मी सांगते. मग तूच सांगायला लागतोस, लहानपणी तुम्ही दोघे भाऊ खाडीत चिंबोऱ्या कशा धरायचात, चिंबोरीने काकाचं बोट कसं धरून ठेवलं होतं. काकाचं नाव तोंडात आलं की तू थांबतोस. पण दुसऱ्या दिवशी परत तिथूनच सुरू करतोस.

आठव्या दिवशी मी विहिरीवरून येत होते तेव्हा काकीने मला कुंपणाशी बोलावलं. तिने टोपली आधीच बघितली होती. ती म्हणाली, ती फारमाची अंडी, तिथे नुसत्या कोंबड्या पिंजऱ्यात ठेवतात, कोंबडा नसतोच. "त्यांत जीव नाय पोरी. ती तिथं म्हयनाभर बसली तरी काय निघायचा नाय." मग तिने पदराआडून सहा गावठी अंडी काढली, लहान, तांबूस, आणि काट्यांवरून माझ्या ओच्यात घातली. "तुज्या काकानीच दिलीन. बाबाला सांग, कोंबरा तोच हाय, पयलेचाच."

ती अंडी नुसती उबवायला दिलेली नव्हती, ते बारा वर्षांच्या पोरीलाही कळलं. मी ओचा धरून घरी आले. तू मिठागरावरच्या उघाडीच्या, खाडीचं पाणी अडवायच्या दाराच्या, जुन्या फळ्या आणून पिल्लांसाठी खुराडं बांधत होतास. मला बघून म्हणालास, जरा ही फळी धर. मी अंडी आत नेऊन पातेल्यात ठेवली आणि येऊन फळी धरली. तू खिळे ठोकत होतास आणि सांगत होतास की नऊतली सात तरी निघतील. मी सांगणार होते. खरं सांगायचं म्हणजे टोपलीतली पांढरी अंडी फुकट गेली असं सांगायचं, आणि मग तू परत ओट्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करशील असं मला वाटलं. ती तांबूस अंडी गुपचूप टोपलीत ठेवायची तर रंगानेच तुला कळलं असतं की कुणाकडची आहेत. तुझे खिळे ठोकून होईपर्यंत मी फळी धरून राहिले. संध्याकाळी ती सहाही अंडी काकीला परत नेऊन दिली. तिने विचारलं, काय म्हणाला? मी म्हणाले, नको म्हणाला.

तू असं म्हणाला नव्हतास. तुला कुणी विचारलंच नव्हतं. काकी अंडी पदरात घेऊन आत गेली. त्यानंतर ती कुंपणाशी कधी आली नाही.

एकविसाव्या दिवशी तू टोपलीपासून हललाच नाहीस. मी शाळेत गेले नाही. तू एकेक अंडं काढून कानाला लावत होतास आणि परत ठेवत होतास. बाविसावा दिवस गेला, तेविसावा गेला. तू म्हणालास, मोठी अंडी आहेत, वेळ लागत असेल. कोंबडी नुसती पिसांची उरली होती, तुरा फिका पडला होता. पंचविसाव्या दिवशी एक अंडं टोपलीत फुटलं आणि घरभर घाण वास सुटला. तू टोपली घराच्या मागे नेलीस, खड्डा खणलास आणि उरलेली आठ अंडी एकामागून एक त्यात फोडलीस. आठांतही नुसतं पिवळं पाणी. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "तुला म्हायती व्हता?"

मी म्हणाले, "नाय."

"शाळेत जातंस ना," तू म्हणालास. "मग काय शिकवतात तुला तिथं?"

तेवढंच. आवाज चढवला नाहीस. कोंबडी रिकाम्या टोपलीत जाऊन बसली होती. तू तिला उचलून बाहेर ठेवलंस, ती परत गेली, तू परत उचललंस. चौथ्या खेपेला तू तिला तसंच सोडलंस आणि ओट्यावर जाऊन पडलास. खुराड्याला दार लावायचं राहिलं होतं, ते राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी तू गेलास. डॉक्टर ताप म्हणाले, पण तू जेवणच सोडलं होतंस. काका आला. त्याने तुला खांदा दिला, आणि स्मशानातून आल्यावर तुझ्या ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. सगळ्यांसमोर म्हणाला की मी अंडी पाठवली होती, तीपण त्यानं परत पाठवलीन. बायका हळहळल्या. तुझ्या हेकेखोरपणाबद्दल कुणी तरी काही बोललं. मी आतल्या दाराशी उभी होते. एक वाक्य बोलायला हवं होतं, ते बोलले नाही. पुढे काकाने मला त्याच्या घरी ठेवून घेतलं, दहावीपर्यंत शिकवलं, लग्न लावून दिलं, आणि इतक्या वर्षांत कधीही तुझा विषय निघाला की तो म्हणायचा, त्यानं मला शेवटपर्यंत माफ केलं नाय. मी त्याला जेवायला वाढत असायचे. तो तसंच समजून गेला. तू काय समजून गेलास ते मला माहीत नाही.

हे लिहून झालं की वही मिटून कपाटात ठेवीन. पत्र घालावं असं कुठलं ठिकाण नाही, आणि असतं तरी घातलं असतं असं वाटत नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला चाळीस वर्षं सांगत आले. तसं नव्हतं, बाबा. त्या दिवसांत तू माझ्याशी बोलायचास, आणि ते मला आणखी थोडे दिवस हवं होतं.